समोरच्या गॅलरीतलं लिओटार्ड

४ फेब्रुवारी, मंगळवार

हिचं लिओटार्ड मी आज कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं. दवाखान्याच्या भिंतीला लागून जुने कपडे टाकायची हिरवी लोखंडी पेटी आहे ना, तिच्यात. झाकण ओढलं, आत सोडलं, झाकण पडलं—धाड! कुणी पाहिलं नाही. पाहिलं असेल तर? नसावं.

सगळा जन्म कपड्यांच्या दुकानात लिफ्ट चालवण्यात गेला, एक हातरुमाल कधी उचलला नाही. आणि म्हातारपणी घरात चोरी केली! चोरीच की. बायकोची वस्तू. पण मी काही विकली नाही, कुणा गरजूच्या अंगावर जाईल, अशी मनाची समजूत घालतोय. गरजू बाई लिओटार्ड घालून काय करणार, ते मात्र सुचत नाही.

कारण लिहून टाकतो म्हणजे डोकं हलकं होईल. ही सोमवारी आणि गुरुवारी नाचाच्या वर्गाला जाते. पोहण्याच्या तलावाच्या वर हॉल आहे, तिथे साठीपुढच्या बायकांचा वर्ग असतो. आधी सगळ्याजणी ढगळ पायजम्यात नाचायच्या. मग शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं—तुमचा गुडघा वाकतोय की कंबर, मला ढगळ कपड्यातून दिसत नाही, जमलं तर लिओटार्ड आणा. बाकीच्या हसल्या. हिने आणलं. नातीने फोनवरून निवडून दिलं. गडद निळं, लांब बाह्या, अंगासरशी बसणारं, आणि कमरेखाली पोहायच्या कपड्यासारखं संपणारं. त्याच्याखाली घट्ट काळी विजार. मी म्हटलं, अगं, या वयात? तर म्हणते, "अहो, हे मुळात पुरुषाचं! सर्कशीतल्या एका झोकेवाल्याने पहिल्यांदा घातलं. शिकवणारी सांगत होती. तुम्हालाही एक मागवू का?"

मी चप्पल घालून फिरायला निघालो.

तरी चाललं असतं. पण ते उन्हात वाळवायचं नाही म्हणे, ताण मरतो. म्हणून मागच्या गॅलरीत नाही, समोरच्या सावलीच्या गॅलरीत. चिमटे लावायचे नाहीत, खांदे ओढले जातात. म्हणून दांडीवर बाह्या पसरून. रस्त्यावरून वर पाहिलं की वाटतं कुणीतरी लटकलंय—हात आहेत, पाय नाहीत.

काल जिन्यात खालच्या मजल्यावरचे हेडमास्तर भेटले. निवृत्त होऊन जमाना झाला, अजून सगळ्या इमारतीची हजेरी घेतात. आणि माझी शाळा सहावीत सुटलेली—हेडमास्तर म्हटलं की आजही हात मागे जातात. वर बोट करून म्हणाले, "काय हो, नात आलीय वाटतं राहायला?" माझ्या तोंडून निघून गेलं—तिचंच आहे ते. "दिसली नाही कुठे?" परीक्षा आहे, म्हटलं, अभ्यास करते.

झालं! नात इथे नाही, परीक्षा नाही. ते दांडीवर असेपर्यंत रोज विचारणार. म्हणून—

५ फेब्रुवारी

काल संध्याकाळी ही गॅलरीत गेली, आत आली, पुन्हा गेली. "अहो, माझं लिओटार्ड पाहिलंत का?" मी वर्तमानपत्रामागून म्हटलं, नाही बुवा. वाऱ्याने उडालं असेल.

खाली गेली. झुडपांत वाकून वाकून शोधत होती. मी वरून बघत होतो. हाक मारावीशी वाटली. मारली नाही.

वारा कुठला! पान हलत नव्हतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वर्गाला गेली नाही. गुडघा दुखतो म्हणाली. तिचा गुडघा माझ्यापेक्षा चांगला आहे. महिनाअखेरपासून त्यांच्या कार्यक्रमाची तयारी सुरू होणार, हिला पहिल्या रांगेत उभं केलंय. एका दिवसाने काय बिघडतं. बिघडेल का?

८ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर शोधाशोध. कपाटं, पलंगाखाली, धुण्याच्या यंत्राच्या पोटात हात घालून. मीही शोधत होतो! गादी उचलून धरली. इतका मन लावून शोधत होतो की एकदा मलाच वाटलं, आता सापडेल.

मग तिने थेट विचारलं. "मी ते वाळत घातलं होतं ना? तुम्ही दांडीवर पाहिलं होतंत ना?"

हो म्हणायचं होतं. एवढंच! हो, पाहिलं होतं. मग चोराने नेलं म्हणा, कावळ्याने नेलं म्हणा. पण मला वाटलं, पाहिलं म्हणालो तर पुढचा प्रश्न येईल, त्याच्यापुढचा येईल. म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं."

मग हळू म्हणाली, "म्हणजे मी धुतलंच नाही?"

तलावावर जाऊन आली. हॉलमध्येही नव्हतं. पलंगाच्या कडेला बसली, चपला तशाच पायात. "ताईचं असंच सुरू झालं होतं," म्हणाली.

ताई म्हणजे हिची थोरली बहीण. आधी चष्मा हरवायची, मग पर्स, मग घराचा रस्ता. शेवटी स्वतःच्या मुलाला नळ दुरुस्त करणारा समजायची आणि म्हणायची, झालं असेल तर निघा. हिनेच तिला न्हाऊ-माखू घातलं, भरवलं. गेल्या वर्षी गेली.

मी ताईचा विचारच केला नव्हता. हेडमास्तरांचा केला होता.

९ फेब्रुवारी

जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणालो. हिने पाणी गरम करून दिलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

ही भाजी आणायला गेली तसा पडद्याचा गज घेऊन पेटीकडे गेलो. गजाच्या टोकाला तारेचा आकडा वळवून घेतला होता. झाकण एका हाताने धरायचं, दुसऱ्याने आत ढवळायचं. एक पायमोजा आला. मग एका बाळाचं टोपडं. आणखी खोल घालतोय तर मागून झाडूवाली—

"आजोबा, देताय की नेताय?"

चुकून पडलं काहीतरी, म्हटलं.

"शनिवारी गाडी येऊन सगळं घेऊन गेली. आत आहे ते कालचं."

कुठे नेतात? "ते आम्हाला कोण सांगतंय!" मग टोपड्याकडे बघून म्हणाली, "ते तरी टाका परत."

टाकलं. गज घेऊन भर रस्त्यातून घरी आलो. हेडमास्तर खिडकीत होतेच. "पडदे बदलताय?" हो, म्हटलं. आता पडदे बदलावे लागणार!

१३ फेब्रुवारी

आजही वर्गाला नाही. शिकवणाऱ्या मुलीचा फोन आला. ही म्हणाली, जरा बरं नाही. फोन ठेवल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही, हिलाही नाही. मागे एकदा ही चष्मा विसरून गेली होती, तो द्यायला मी हॉलवर गेलो होतो. दाराला उभी काच आहे. आत बायका नाचत होत्या, आणि एक बाई पाठमोरी, निळ्या लिओटार्डमध्ये, हात वर करून उभी. मानेपासून कमरेपर्यंत पाठीचा कणा कसा जातो ते कपड्यातून दिसत होतं. एवढी सरळ पाठ! मला वाटलं शिकवणारीच. वळली तेव्हा कळलं ही आहे. मी दारातूनच मागे फिरलो. चष्मा तलावाच्या तिकीटखिडकीवर ठेवला आणि घरी आलो. दिवसभर कानशिलं गरम होती. कशाने, ते आजही सांगता येत नाही. रागाने नाही एवढं खरं.

तीच वस्तू मी पेटीत टाकली.

१५ फेब्रुवारी

जुन्या दुकानात गेलो. लिफ्टमध्ये आता माझं स्टूल नाही, नुसती बटणं. तिसऱ्या मजल्यावर बायकांचे कपडे, ते तिथेच आहेत. बघतो तर काय, निम्म्या पुतळ्यांच्या अंगात लिओटार्ड! वर कोट, खाली जीन्स, खाली झगे. काउंटरवरच्या मुलीला भीत भीत विचारलं. ती म्हणाली, "आम्ही बॉडीसूट म्हणतो काका. ऑफिसच्या मुली फार घेतात. वाकलं तरी कमरेतून बाहेर येत नाही ना. कुणासाठी?"

बायकोसाठी.

मला वाटलं हसेल. हसली नाही. "माप?"

आली का पंचाईत! सबंध आयुष्य एका घरात काढलं आणि माप ठाऊक नाही. माझ्यापेक्षा बुटकी आणि माझ्यापेक्षा ताठ—याला काय माप म्हणतात? मुलीने गोल फिरून दाखवलं—माझ्याएवढ्या? थोड्या जाड? मी मान हलवत गेलो. गडद निळं, लांब बाह्यांचं मिळालं. अगदी तसंच! जीव भांड्यात पडला.

घरी येऊन किमतीची चिठ्ठी कापली, नवेपणा जावा म्हणून न्हाणीघरात चोळून धुतलं, पिळलं, वाळवलं (मागच्या गॅलरीत, उन्हात—ताण मेला तर बरंच). धुण्याच्या यंत्रामागे सरकवून ठेवलं. उद्या सापडेल.

१६ फेब्रुवारी

सापडलं.

मीच म्हटलं, यंत्रामागे पाहिलंस का? हात घातला आणि ओरडली, "अहो, सापडलं!" तोंड असं फुललं की मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. मग तिने ते उलटं-सुलटं केलं. खाली, दोन पायांच्या मध्ये, टिचबटणं होती.

"ही बटणं कसली?"

मला काय ठाऊक! मी पाहिलीच नव्हती. रस्त्यावर घालायच्या कपड्याला बटणं लागतात आणि नाचायच्या कपड्याला नसतात, हे मला कोण सांगणार? तिचं जुनं मी कधी हातात धरून नीट बघितलंही नव्हतं. बघायची लाज वाटायची. टाकतानासुद्धा चेंडू करून टाकलं.

"याला बटणं होती का हो?"

मी म्हणालो, "असतील."

असतील! जीभ झडली असती तर बरं झालं असतं. ती बटणं लावत होती, काढत होती. टक्, टक्. "मी इतके दिवस घातलं," म्हणाली, "आणि मला बटणं आठवत नाहीत."

मग घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं. घालून तरी बघ, म्हटलं. तर म्हणाली, "जे आठवत नाही ते अंगात कसं घालू?"

१८ फेब्रुवारी

घराच्या किल्ल्या साखरेच्या डब्यात निघाल्या. दोघंही हसलो. मी जरा जास्तच हसलो.

जीव घाबरला की माणसाचे हात कुठेही काहीही ठेवतात. मी नाही का, लिफ्ट बंद पडली त्या दिवशी जेवणाचा डबा टोपीत घालून घरी आलो होतो. तिला घाबरवलं कुणी? मी.

२० फेब्रुवारी

दूध करपलं. गॅसवर ठेवून ही गॅलरीत जाऊन बसली, रिकाम्या दांडीकडे बघत. भांडं काळं. ही घासत बसली. मी म्हटलं, दे इकडे. "नको. माझं मला करू दे."

आज सांगतो, उद्या सांगतो असं चाललंय. सकाळी ठरवतो. चहा होईपर्यंत धीर असतो. कप समोर आला की जातो.

२२ फेब्रुवारी

लेकीचा फोन. मागून नात ओरडली, "आजी, लिओटार्ड कसं बसलं गं?"

ही म्हणाली, "छान बसलं. सगळ्या विचारतात कुठून आणलं."

फोन ठेवून माझ्याकडे वळली. "लेकीला यातलं काही सांगू नका. ताईची मुलं तिच्यासमोर बसून तिच्याबद्दल बोलायची—जशी काही ती तिथे नाहीच. माझं तसं नको."

मी काय सांगणार लेकीला! मला तर गिळलेलं बाहेर येत नाही.

२५ फेब्रुवारी

स्वतःहून डॉक्टरकडे चला म्हणाली. नेहमीचेच डॉक्टर, माझं रक्तदाबाचं बघणारे. हिने सगळं सांगितलं. हरवलेलं लिओटार्ड, बटणं, किल्ल्या, दूध. शाळेतल्या मुलीसारखी हात मांडीवर ठेवून बसली होती. डॉक्टर म्हणाले, "आजी, या वयात थोडंफार होतं, पण तपासून घेऊ." मग माझ्याकडे वळले. "आजोबा, तुम्ही घरात असता. तुम्हाला काय वाटतं?"

हीच वेळ होती. दार उघडं होतं, नुसतं बाहेर पडायचं होतं. हिने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात असं होतं की—बोला ना, नाही म्हणा ना!

मी म्हणालो, "विसरते थोडी."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मोठ्या डॉक्टरांकडे १० मार्चला तपासणी.

येताना ही माझ्या एक पाऊल पुढे चालत होती. म्हणाली, "तुमच्याही लक्षात आलं होतं तर. बोलला नाहीत."

मला रस्त्यात बसावंसं वाटलं.

२८ फेब्रुवारी

तिथे महिने उलटे म्हणायला लावतात म्हणे, ताईला लावले होते. स्वयंपाकघरातून ऐकू येतं—डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर... "अहो, ऐका, बरोबर आहे का." ऑगस्ट, जुलै, मे, एप्रिल.

बरोबर आहे, म्हटलं.

घाईत म्हणत होती. मीही घाईत ऐकलं. जून काय, कुणाचाही राहील! मी मनात म्हणून बघितले, तर माझीही सप्टेंबरला बोबडी वळली. ही असल्या परीक्षेला बसते आहे ती माझ्यामुळे.

२ मार्च

गोळ्या आणायला औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस. बाकीची गिऱ्हाइकं जाऊ दिली आणि वाकून म्हणाला, "काकू बऱ्या आहेत ना? परवा समोर बसथांब्यावर बराच वेळ बसल्या होत्या. मी गेलो तर मला विचारलं, आमच्या गल्लीकडे कुठली बस जाते."

आमची गल्ली त्याच्या दुकानामागे आहे. थांब्यावरून आमची गॅलरी दिसते.

"मी सोबत आलो दारापर्यंत," म्हणाला. "थकल्या होत्या, बाकी काही नाही."

परवा ही उशिरा आली तेव्हा म्हणाली होती, भाजीवाल्याकडे गर्दी होती. मी खरं मानलं. आताही काही विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारू? चांगल्या धडधाकट बाईला मी रोज थोडं थोडं वेडं करतोय. भीती माणसाला अशी भोवळ आणते. भीतीच ती. दुसरं काय असणार.

३ मार्च

सांगायचंच. तपासणीच्या आत.

५ मार्च, बुधवार

सांगितलं.

दुपारी ही माझ्या सदऱ्याची बटणं लावत बसली होती. सुई ओवून म्हणाली, "मी एकदा ताईवर ओरडले होते. तेच तेच विचारत होती म्हणून. ती घाबरून पलंगाच्या कोपऱ्यात सरकली. तुम्ही माझ्यावर ओरडू नका हं. चिडलात तर बाहेर चक्कर मारून या, पण ओरडू नका."

मग माझ्याने राहवेना. म्हटलं, अगं, लिओटार्ड मी टाकलं. पेटीत. हेडमास्तरांनी विचारलं म्हणून. तू धुतलं होतंस, वाळत घातलं होतंस, मी पाहिलं होतं. बटणांचं मी विकत आणलं. तुझ्या कपड्याला बटणं नव्हती. तुझं काही चुकलं नाही!

एका दमात सगळं. मग धाप लागली.

ती सुई हातात धरून बसली. मला वाटलं ऐकू गेलं नाही.

"कुठल्या पेटीत?"

हिरव्या.

"त्या हेडमास्तरांसाठी? ज्यांना घरात कुणी चहाला विचारत नाही त्यांच्यासाठी?"

उठली, ड्रॉवर उघडला, ते बटणांचं काढलं आणि माझ्या तोंडावर मारलं. बटणं गालाला लागली. चांगली लागली! "मी देवाला विचारत होते की मला शेवटी तुमचं नाव तरी आठवू दे. आणि तुम्ही समोर बसून चहा पीत होतात!" मग रडली. मी जवळ गेलो तर ढकललं. "सरका तिकडे! महिनाभर मी मरत होते!"

खोलीचं दार लावून घेतलं. संध्याकाळी चहा केला, एकटीपुरता. मी उपाशी बसलोय आणि बरं वाटतंय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटतंय. ओरडू दे, मारू दे, जन्मभर बोलू नको म्हणू दे. ती ठीक आहे. ठीकच होती!

६ मार्च

बोलत नाही. ताट माझ्यापुढे आदळलं. पण भाजी जरा जास्त वाढली.

७ मार्च

सकाळी जिन्यात धाडधाड पावलं. ही खाली गेली होती, हेडमास्तरांच्या दारात. मी कठड्याला धरून वरून ऐकत होतो.

"ते लिओटार्ड माझं होतं. नातीचं नाही. मी नाचते. यांनी लाजून फेकून दिलं. नवीन मागवलंय, परत गॅलरीत दिसेल. तेव्हा विचारायचं नाही!"

हेडमास्तर म्हणाले, "वहिनी, मी सहज..."

तेवढ्यात त्यांची बायको आतून, "बटणांचं असतं ते की बिनबटणांचं? मी कधीची म्हणतेय यांना, तर म्हणतात लोक काय म्हणतील. अहो, लोक म्हणजे कोण? हेच!"

दोघी किती वेळ दारात हसत उभ्या होत्या. हेडमास्तर वर येऊन माझ्याशेजारी कठड्याला उभे राहिले. शिक्षा झालेली दोन पोरं!

दुपारी ही वर्गाला गेली, जादा तालीम होती. शिकवणारीने कुणाचं तरी जुनं घालायला दिलं. परत आली ती गुणगुणत. "पहिली रांग अजून माझीच आहे," म्हणाली. माझ्याशी!

९ मार्च, रविवार

सकाळी चहाला ही एकदम म्हणाली, "मग साखरेच्या डब्यातल्या किल्ल्या? त्याही तुम्हीच ठेवल्यात ना? आणि ते दूध? गॅस तुम्हीच मोठा केला असणार!" बोट रोखून हसत होती. हसता हसता थांबली आणि बघत राहिली, मी काय म्हणतो त्याकडे.

मी हो म्हणालो. दोन्ही मीच.

बसथांब्याचं तिने विचारलं नाही. लपवत नव्हती. तिला ते आठवतच नाही.

मग तिने दवाखान्यात फोन करून उद्याची तपासणी रद्द केली. "काही नाही हो," म्हणाली, "चोर घरातच सापडला." मी शेजारीच बसलो होतो.